म्हातारीचा सायलेन्सर

"म्हातारीचा सायलेन्सर फाटलाय म्हणावं!"

आमचे मालक फोनवर एवढ्या मोठ्यानं ओरडले की एसटीत चढणारी दोन माणसं पायरीवरच थांबून बघायला लागली. मालकांची समजूत अशी, की पुणं लांब, म्हणून आवाजही तेवढा लांब फेकला पाहिजे. मी स्टँडवरच्या फोनच्या बूथच्या दारात तेलाची किटली धरून उभी होते. बूथवाला तोंड फिरवून हसत होता.

"सायलेन्सर वं! धूर जायाचं नळकांडं! व्हय. तितं जुन्या बाजारात मिळतंय का बघ म्हणावं... कुणाला? सर्जेराव मान्याला. तुमच्या दुकानावर माडीला ऱ्हातोय न्हवं का, त्येला. मी? मी कोण ते ऱ्हाऊ द्या. गावाकडनं फोन हुता म्हणावं."

आणि फोन आपटला.

"भाऊ बोलतोय म्हणाला असता तर जीभ झडली असती काय?" मी विचारलं.

"तेल घेतलंस न्हवं? चल मग."

असा आमच्या घरातला चार वर्षांचा अबोला सुटला. सुटला म्हणजे काय, गाठ जरा सैल झाली. सख्ख्या भावाशी बोलायचं ते भोसरीतल्या कुणा किराणा दुकानदाराच्या तोंडून, आणि तेही नळकांड्यावरून. ह्या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं झाली, पण त्या दिवशी मालकांचे कान कसे लाल झाले होते ते मला अजून आठवतं.

म्हातारी म्हणजे आमचा ट्रॅक्टर. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तो लिलावात घेतला तेव्हाच त्याचं वय झालेलं होतं. सकाळी चालू करायला गेलं की आधी भरपूर खोकायचा, मग काळा धूर सोडायचा आणि मग कुठं अंग हलवायचा. मामा म्हणाले, ही तर म्हातारी! तेच नाव पडलं. पुढं मामा गेले. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांचेही केस पिकले, कंबर वाकली, आणि दोन्ही पोरं त्यांनाही म्हातारीच म्हणायला लागली. मग घरात रोजचा घोळ. "म्हातारीला पाणी घाल" असा हुकूम आला की मला विचारावं लागायचं, कुठल्या? आत्तीच आतनं ओरडायच्या, "मला नगं, माजी आंगूळ झालीया. तिला घाल."

तोंडानं बाई फटकळ. माझं नि त्यांचं दिवसातनं दोनदा तरी वाजायचं. भाकरी जाड झाली म्हणून वाजायचं, पातळ झाली म्हणूनही वाजायचं. पण एक सांगते, माझ्या माहेराला त्यांनी कधी नाव ठेवलं नाही. तेवढ्यावर मी बाकीचं सगळं सोसलं आणि तेवढंच उलटून बोलले.

सर्जेराव भावजी त्यांचा धाकटा. त्याचा जीव ट्रॅक्टरवर. शाळा सुटली ती त्या सीटवर बसूनच. एका हंगामात ऊस भरलेली ट्रॉली घेऊन येताना त्यानं पाटाच्या कडेला ट्रॅक्टर कलंडवला. कुणाला लागलं नाही, खरचटलंही नाही. पण ट्रॅक्टर उभा करून गावात आणल्यावर मालकांनी भर चौकात, सगळ्यांच्या देखत, त्याला दंडाला धरून सीटवरनं खाली ओढलं. "परत हिला हात लावलास तर तंगडं मोडीन," म्हणाले. भावजी घरी येऊन आत्तीच्या तोंडाकडं बघत उभे राहिले, की आता ही काहीतरी बोलेल. आत्ती म्हणाल्या, "दादा म्हणतोय ते ऐकत जा." झालं. त्याच दिवशी भावजींनी पिशवी भरली. "ह्या घराचा उंबरा परत वलांडणार न्हाई," म्हणाले आणि गेले.

आत्तींना वाटलं, येईल महिन्याभरात. आला नाही. मग पहिल्या दिवाळीला त्यांनी माझ्या मागं धोशा लावला, फोन कर, आई लई आजारी हाय म्हणून सांग. मी केला. भावजी मिळेल त्या गाडीनं धावत आले, आणि बघतात तर आत्ती अंगणात पाय पसरून चिवड्याचे पोहे चाळतायत.

"हेच व्हय तुजं दुखणं?" भावजी दारातनंच म्हणाले. पाणीसुद्धा प्याले नाहीत.

दुसऱ्या दिवाळीला परत तोच निरोप. ह्या वेळी तिकडनं उत्तर आलं, गोळी घे म्हणावं. तेव्हापासनं आत्तींनी निरोप पाठवायचं सोडलं. पण दारातल्या खाटेवर बसून, एसटीची वेळ झाली की रस्त्याकडं बघायचं काही सोडलं नाही. डोळे मिटायच्या आधी धाकट्याचं तोंड बघायचं, एवढी एकच गोष्ट त्या बाईला हवी होती, आणि ते ती येताजाता बोलून दाखवायची. मला त्याचा संताप यायचा.

"थोरला समोर हाय की," मी म्हणायची, "त्येचं तोंड काय वाईट हाय व्हय?"

"तुला न्हाई कळायचं," आत्ती म्हणायच्या.

मालक ऐकायचे आणि चपला घालून शेताकडं निघून जायचे.

त्या साली कार्तिकात सायलेन्सर फाटला. आधीच गंजून त्याची चाळणी झालेली. आमच्या गावच्या वेल्डरनं ठिगळावर ठिगळ लावलं, शेवटी त्यानंही हात टेकले. "आता चिकटवू कशाला? खाली लोखंडच उरलं न्हाई," म्हणाला. ट्रॅक्टर चालू झाला की आमच्या म्हशी दावं तोडायला बघायच्या. शाळेतल्या गुरुजींचा निरोप आला, की तुमचा ट्रॅक्टर पुढं जाईस्तोवर आम्हाला पाढे थांबवावे लागतात. मालकांनी सांगली बघितली, कोल्हापूर बघितलं. दुकानदार ट्रॅक्टरचं नाव ऐकूनच हसायचे. विकून टाका म्हणायचे. ते काही मालकांच्यानं होणार नव्हतं, म्हणून शेवटी नाक मुठीत धरून त्यांनी तो पुण्याचा फोन केला.

दुसऱ्या दिवशी बूथवाला सायकलवरनं घरी आला. "बघतो म्हणालाय," त्यानं सांगितलं.

आत्ती खाटेवरनं उठून उभ्या राहिल्या. "बघतो म्हणाला? कसं म्हणाला? रागानं म्हणाला का सादं म्हणाला?"

"आजी, मला ते किराणावाल्यानं सांगितलं."

"मग किराणावाला कसं म्हणाला?"

त्या दिवशी आत्तींनी माझ्याशी एकदाही भांडण उकरून काढलं नाही. मला घरात करमेना.

आणि त्याच आठवड्यात आत्ती पडल्या. सकाळी चुलीपुढं बसून मला काहीतरी सांगत होत्या, सांगता सांगता शब्द जड झाले, आणि एका कुशीवर कलंडल्या. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. जीप करून मिरजेला नेलं. डॉक्टर भला होता, उगाच गोड बोलला नाही. "झटका मोठा आहे. वयही झालंय. आम्ही आमचं करतो, तुम्ही जवळच्या माणसांना बोलावून घ्या."

मालक दवाखान्यासमोरच्या बूथवर गेले. मी मागं थर्मास घेऊन उभी होते, म्हणून सगळं माझ्या कानांनी ऐकलंय.

"सर्जेराव मान्याला निरोप द्या. म्हातारीचं काय खरं न्हाई म्हणावं. हाय तसा निघून ये म्हणावं. गावाकडनं फोन हुता."

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. वाटणार कसं? आमच्या घरात आत्तीला म्हातारीच म्हणायचे. आणि त्या दिवशी दुसऱ्या म्हातारीची आठवण कुणाला होती?

संध्याकाळी मालकांनी परत फोन लावला, तेव्हा दुकानदारानं उत्तर सांगितलं, "मिळाल्याशिवाय येत नाही म्हणाला."

"रजा मिळत नसंल," मी म्हणाले. "कंपनीतलं काम हाय, हाय तसं कसं निघता ईल?"

मालकांच्या कपाळाची शीर उडायला लागली. "म्हातारी मरायला टेकलीया आन् ह्यो रजा मागत बसलाय! सायबाच्या तोंडावर कागद फेकून निगाया नगं?"

चार-पाच दिवसांनी आत्तींना घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, इथं ठेवून आता आम्ही काही वेगळं करणार नाही. पुढच्या खोलीत खाट टाकली. त्यांचं बोलणं जाड झालेलं, जीभ वळत नव्हती. काय म्हणतात ते मालकांना कळायचं नाही. मला मात्र कळायचं, इतकी वर्षं त्या तोंडाशी भांडण्यात गेलेली.

रोज जाग आली की पहिला शब्द एकच. "रजा?"

"मिळंल," मी सांगायची. "आज-उद्या मिळंल."

मालक ते ऐकून बाहेर जायचे. एकदा मला म्हणाले, "म्हातारी गेल्यावर ह्येची रजा मंजूर हुणार बघ." त्यांचं म्हणणं मलाही पटायला लागलं होतं. मी भावजींना मनातल्या मनात एवढं बोलून घेतलं की समोर आले असते तर काही शिल्लक राहिलं नसतं.

आणि मग एका दुपारी ते समोर आले. मी अंगणात धुणं आपटत होते. बघते तर स्टँडच्या वाटेनं कुणीतरी खांद्यावर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं घेऊन येतंय. जवळ आल्यावर ओळखलं. रोडावलेले, दाढी वाढलेली. मी हात पुसत उठले. मला वाटलं, आता धावत घरात जातील. तर हा माणूस घराच्या दारावरनं सरळ ट्रॅक्टरच्या शेडाकडं वळला!

"भावजी! आवं, तिकडं कुटं? आदी आत चला!"

"न्हाई वैनी. उंबरा वलांडणार न्हाई म्हणून गेलोय. म्हातारीला बघतो, हातातलं काम उरकतो आन् संध्याकाळच्या गाडीनं माघारी जातो."

माझं डोकंच फिरलं. "काम उरकतो? आन् म्हातारीला बघायला तिकडं कशाला जाताय? शेडात टाकलीया व्हय तिला आमी?"

भावजी थबकले. "मग कुटं हलवली?"

"हलवली? घरात हाय!"

"घरात कशी माईल?"

"मंजी?"

"वैनी, खरं सांगा," भावजींचा चेहरा उतरला. "दादानं इकली का तिला? भंगारात घातली? खालचा दुकानवाला चौधरी म्हणाला, म्हातारीचं काय खरं न्हाई म्हणून फोन आलाय, तवाच मला वाटलं. पर मी निरोप दिला हुता की वं, मिळाल्याशिवाय येत न्हाई म्हणून! कामावर खाडा करून जुना बाजार पालथा घातला. तितं न्हाई, पिंपरीत न्हाई, शेवटी दौंडात एका भंगारवाल्याकडं सापडला. हे बगा."

त्यांनी पोतं खाली ठेवून त्याचं तोंड सोडलं. आत सायलेन्सर होता. जुनाच, पण गंज घासून, वरनं काळा रंग मारून अगदी लखलखीत केलेला.

मी मटकन धुण्याच्या दगडावर बसले. मिळाल्याशिवाय येत नाही. रजा नव्हे, बाई, सायलेन्सर!

"भावजी," मी म्हणाले, "ट्रॅक्टर हाय शेडात, जागच्या जागी हाय. तुमची आई पडलीया. झटका आलाय. काय खरं न्हाई, ते तिचं."

भावजी हसले. खरंच हसले. "वैनी, दोनदा झालंय हे. आता औंदा तिसऱ्यांदा?"

"माज्या लेकराची आण."

"सोडा वं. पोहे चाळत बसली आसंल."

मी नुसता दाराकडं हात केला. भावजी हसतच दारापर्यंत गेले, उंबऱ्याच्या अलीकडं थांबले आणि मान आत घातली. आत खाट होती, खाटेखाली भांडं होतं, उशाशी औषधाच्या बाटल्या होत्या. आणि खाटेवर आत्ती, मूठभर झालेल्या, वाकड्या तोंडानं झोपलेल्या. भावजींचं हसू कुठल्या क्षणी गेलं ते मला पाठमोरं कळलं नाही. एवढं बघितलं, की पायातल्या चपलांसकट ते उंबरा ओलांडून आत गेले.

मी मागनं गेले. "उठवू नगा. सकाळपासनं आत्ता कुटं डोळा लागलाय."

ते खाटेच्या पायथ्याशी बसले. मग हळूच म्हणाले, "मला कळवायचं न्हाई व्हय?"

"कळवलं की!"



मालक शेतातनं आले ते पोतं बघूनच अंगणात थांबले. मी पुढं होऊन सगळं सांगितलं, चौधरी काय म्हणाला, हे काय समजले, आपण काय समजलो. मालकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला वाटलं आता ओरडतील, नाहीतर आत जाऊन त्याच्या दोन मुस्काटात देतील. त्यांनी वाकून सायलेन्सर उचलला, आत एकदा बघितलं आणि शेडाकडं गेले. थोड्या वेळानं पत्रा वाजला. बॉनेट उघडलं होतं. मग पान्याचा आवाज यायला लागला.

भावजी आत बसून ऐकत होते. "तसा पडणार न्हाई पाना," ते स्वतःशीच म्हणाले. "नट गंजल्यात." आणखी जरा वेळ बसले. मग उठले आणि मागच्या दारानं शेडाकडं गेले.

मी मागच्या दारातच टेकले. एक डोळा खाटेवर आणि एक शेडावर.

"राकेल सोडलंस?" भावजींनी विचारलं.

"सोडलं."

"मग थांब जरा. मुरू दे."

चार वर्षांनी दोघं भाऊ एकमेकांशी बोलले ते हे. दोघंही ट्रॅक्टरच्या दोन बाजूंना उभे, मध्ये फाटका सायलेन्सर, आणि राकेल मुरायची वाट बघत थांबलेले.

मग कामाला लागले. तीन नट कुरकुरत सुटले. चौथा मालकांनी जोर लावून फिरवला तो खालच्या बोल्टासकट पिळवटून तुटला.

"थांब म्हणलं हुतं."

"तू नगं शिकवूस."

"शिकवत न्हाई. छिन्नी दे."

छिन्नी दिली. तुटलेला बोल्ट ठोकून ठोकून काढला. जुना सायलेन्सर उचलायला गेले तर तो मधोमध दोन तुकडे होऊन मालकांच्या हातात आला. सगळा गंज त्यांच्या तोंडावर आणि मिशीवर. एरवी कुणीही हसलं असतं. भावजींनी आपल्या गळ्यातला टॉवेल काढून पुढं केला. मालकांनी घेतला, तोंड पुसलं आणि परत न देता खांद्यावर टाकला.

नवा बसवायला घेतला तर खालची भोकं जुळेनात. भावजी खाली बसून गोल कानशीनं एकेक भोक रुंद करायला लागले. मालकांनी सायलेन्सर दोन्ही पायांत गच्च धरून ठेवला. कानशीचा तो करकर आवाज अजून माझ्या दातात येतो.

"म्हातारी म्हणालास तू," भावजी मान वर न करता म्हणाले.

"मग काय म्हणू?"

"आई म्हण की! आई पडलीया, असं म्हण! मला कसं कळणार?"

"आई म्हणून दोनदा सांगितलं तवा काय केलंस? गोळी घे म्हणालास."

"ते खोटं हुतं."

"खोटं का आसंना. बोलवत हुती न्हवं तुला?"

कानस थांबली. मालकांनाही वाटलं असावं, आपण जास्त बोललो. त्यांनी बोटानं भोक चाचपून बघितलं. "आजून सुतभर लागंल," एवढंच म्हणाले. कानस परत सुरू झाली.

मग सांध्यात घालायचा पॅकिंगचा पत्रा खाली धरून हातोडीनं कडेकडेनं ठोकून त्याचा आकार पाडला. सायलेन्सर वर चढवला. "धर." "जरा माझ्याकडं घे." "झालं, आवळ आता." बस, तेवढंच. चांगला तासभर गेला. शेवटी भावजी बाजूला सरकून उभे राहिले. मालकांनी त्यांच्याकडं बघितलं आणि सीटकडं मान हलवली. भावजी चढले.

म्हातारी खोकली, परत खोकली, धुराचा एक लोट सोडला आणि चालू झाली. आणि आवाज? मला वाटलं बंदच पडली. पुटपुटत होती नुसती. मला लग्न होऊन आल्यापासनं कधी ऐकायला मिळाला नव्हता असा आवाज. म्हशींनी माना वळवूनसुद्धा बघितलं नाही.

तेवढ्यात आतनं आत्तींची हाक आली. मी आत धावले. त्या डोळे उघडून छताकडं बघत होत्या. मी दारात जाऊन दोघांना खूण केली. दोघंही तसेच आले, कोपरापर्यंत काळे हात घेऊन. एरवी त्या हातांनी घरात आलेलं मी खपवून घेतलं नसतं.

आत्तींनी भावजींना बघितलं. ओळखायला वेळ लागला नाही, पण विश्वास बसायला लागला. एका डोळ्यातनं पाणी आधीपासनंच गळायचं, तो दुखण्याचा भाग होता. आता दुसऱ्यातनंही यायला लागलं.

"रजा," त्या म्हणाल्या. "मिळाली?"

"मिळाली, मिळाली," मालक घाईघाईनं म्हणाले. मीही मान डोलावली. काय बिघडत होतं? झाकली मूठ तशीच राहू द्यायची. पण भावजी गुडघ्यावर बसले, तोंड तिच्या तोंडाजवळ नेलं आणि म्हणाले, "रजा न्हवती मागितली, आई. दादा म्हातारी म्हणाला. मला वाटलं ट्रॅक्टर. मी सायलेन्सर घेऊन आलो."

मला त्यांच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. मरायला टेकलेल्या बाईला कुणी असं सांगतं?

आत्ती बघत राहिल्या. मग त्यांच्या तोंडाची चालती बाजू हलायला लागली. मला वाटलं रडतायत. हसत होत्या. पडल्यापासनं पहिल्यांदा.

"मंजी... माज्यासाटी... न्हाई आलास."

"न्हाई," भावजी म्हणाले.

"आन् कळलं आसतं... मी पडलीया... तर?"

भावजींनी मालकांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. आम्ही दोघंही खाली बघायला लागलो. "नसतो आलो," ते म्हणाले. "खोटंच वाटलं आसतं मला."

आत्तींनी डावा हात उचलला. मला वाटलं धाकट्याच्या तोंडावरनं फिरवतील. तो हात धाकट्याच्या डोक्यावरनं पुढं गेला आणि मागं उभ्या असलेल्या थोरल्याला जवळ बोलवायला लागला. मालक वाकले. आत्तींनी त्यांचं मनगट धरलं, तो काळा हात आपल्या छातीवर ओढून घेतला आणि त्यांच्या तोंडाकडं नीट बघितलं. इतक्या वर्षांत त्या माणसाकडं तिनं असं कधी बघितलेलं मी पाहिलं नव्हतं.

"हिंदुराव," त्या म्हणाल्या, एकेक शब्द ओढून ओढून, पण मालकांनाही कळेल असं. "बरं झालं बाबा... म्हातारी म्हणालास. आई म्हणाला आसतास... तर मी अशीच गेली आसती."

भावजींनी खाटेच्या कडेला कपाळ टेकलं आणि मोठ्यानं रडायला लागले. मालक रडले नाहीत. आईच्या हातात मनगट तसंच ठेवून वाकलेले राहिले, आणि दुसरा हात त्यांनी भावाच्या पाठीवर ठेवला. पांढऱ्या सदऱ्यावर पाचही बोटं काळी उमटली. मला ते बघवेना. मी पदर तोंडात धरून बाहेर आले. शेडात ट्रॅक्टर अजून चालूच होता. तो बंद कसा करतात ते मला कधी कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून मी तो तसाच चालू राहू दिला आणि राहिलेलं धुणं उरकायला बसले.